ऊर्जा : कोणाच्या कष्टाची?



ऊर्जेचा विषय आपल्या भरवेलीला परका नाही. १८६६ साली फ्रान्सच्या लेक्लांशेने बनवलेल्या विद्युतघटातून पुढे टॉर्चचा सेल आला. त्या सेलमधली काळी पूड म्हणजे आपल्या खाणीतल्या मँगनीजचेच एक संयुग.

त्याआधी, १८४० च्या दशकात, इंग्लंडच्या जूलने खाली सरकणाऱ्या वजनांनी पाणी घुसळले. पाणी किंचित तापले. काम आणि उष्णता ही एकाच ऊर्जेची रूपे ठरली. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, फक्त रूप बदलते.

पण काम करतो कोण? हा हिशेब १९७० च्या दशकात बंगळूरच्या अमूल्य रेड्डींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या पुरा गावात मांडला. गावाची बहुतेक ऊर्जा सरपणाची निघाली, आणि त्यामागे बायका-मुलांची पायपीट.

माझी आईही डोक्यावर मोळी आणायची. तिच्या कष्टाची नोंद कुठल्याच बिलात झाली नाही.

मांडवातली रोषणाई पाहताना खाणीत उतरणारे हात आणि मोळीखालची मान आठवावी. उगाच जळणारा एक दिवा तरी बंद करावा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!