एक कुलूप, एक किल्ली

आपल्या तुबलीतल्या अनेक घरांतून कुणी ना कुणी रिफायनरीत किंवा प्लांटवर ड्युटीला जातं. म्हणून आजचा विषय.

प्लांटमध्ये दोन यंत्रणा असतात. एक रोजचा कारभार बघते. दुसरी पहारेकरी: दाब किंवा पातळी हद्दीबाहेर गेली की ती स्वतःहून व्हॉल्व्ह बंद करते. तिचे सेन्सर, कंट्रोलर, सगळं वेगळं.

पण पहारेकरी जागा हवा. इंग्लंडमध्ये बन्सफील्डला ११ डिसेंबर २००५ रोजी पेट्रोलच्या टाकीचा पातळीमापक अडकला. वर धोक्याचा स्वतंत्र स्विच होता. पण त्याच्या दांडीला लावायचं कुलूपच लावलेलं नव्हतं, म्हणून तो चालला नाही. टाकी वाहिली, स्फोट झाला, ४० हून जास्त लोक जखमी झाले.

२०१७ मध्ये शेजारच्या सौदीत एका पेट्रोकेमिकल प्लांटच्या सुरक्षा कंट्रोलरमध्येच ‘ट्रायटन’ हा घातक प्रोग्रॅम शिरला. कंट्रोलरची किल्ली ‘प्रोग्रॅम’वर राहिली होती. जूनमध्ये प्लांट बंद पडला, तेव्हा साधा बिघाड समजले. ऑगस्टमध्ये पुन्हा बंद पडला, तेव्हा हल्ला उघडकीला आला.

तेव्हा तीन गोष्टी सांभाळा. बायपास टाकलात तर वहीत लिहा आणि पुढच्या शिफ्टला तोंडीही सांगा. काम झालं की किल्ली जागेवर फिरवा. आणि प्लांट ट्रिप झाला तर कारण सापडल्याशिवाय रीसेट करू नका. साहेब कितीही घाई करोत.

उत्पादन उद्याही होईल. घरी वाट बघणारी माणसं आहेत. सांभाळून जा, सांभाळून या.