कागदावरची ‘एक्टमी’

पिशवी काढायच्या ऑपरेशनच्या कागदावर ‘हिस्टेरेक्टमी’ लिहिलेलं असतं. शब्द ग्रीकमधून आलाय. ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणं. ‘हिस्टेरिया’ही याच हिस्टेराचा. बाईचं रडणं-ओरडणं म्हणे गर्भाशयामुळे! असो.

त्याच कागदावर ‘ऊफोरेक्टमी’ असेल तर मात्र थांबा. ‘ऊफोर’ म्हणजे अंडी धरणारं, आपलं अंडाशय. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं गेली, तर पाळी जायच्या वयातला त्रास तिशीतच एकदम सुरू होतो. अंगातून वाफा निघतात, पुढे हाडं ठिसूळ होतात. कधी काढावी लागतातही. पण सही-अंगठ्याआधी विचारा, “डॉक्टर, यात ‘एक्टमी’ किती, आणि कशाकशाची? का?”