सुलकाटाचं पिल्लू आणि लोणावळ्याची हवा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की घरी कासव पाळतोस म्हणजे नक्की काय करतोस? म्हणून आजचा अख्खा भाग त्यावरच.

आधी ओळख. सुलकाटा हे आफ्रिकेतलं जमिनीवरचं कासव. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ते राहतं. गालापागोस आणि अल्डाब्रा या बेटांवरची कासवं सोडली, तर जगात याच्याएवढं मोठं जमिनीवरचं कासव नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा तळहातावर मावतं, साधारण चार-पाच सेंटीमीटरचं. मोठं झालं की चाळीस-पन्नास किलो सहज, नर तर त्याहून जड. आयुष्य सत्तर वर्षांच्या वर जाऊ शकतं. हे आकडे डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

आता कायदा. कंटाळू नका, हे महत्त्वाचं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांसाठी त्यात चौथी अनुसूची आली, आणि सुलकाटा तिच्यात बसतं. २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियमही आले. म्हणजे असा प्राणी घरी असेल, तर 'परिवेश' पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे त्याची नोंदणी हवी. हस्तांतर, जन्म, मृत्यू, सगळं कळवायचं. मी पिल्लू घेण्याआधी कागद बघितले, मग पिल्लू बघितलं. क्रम हाच ठेवा.

आणि एक धोका. पाठीवर काळ्या रंगात पिवळ्या चांदण्या असलेलं जे कासव 'लकी आहे, घरात भरभराट होते' म्हणून गुपचूप विकतात, ते आपलं भारतीय तारा कासव. ते पहिल्या अनुसूचीत आहे. पाळलंत तर तीन ते सात वर्षं तुरुंगवास. सुलकाटाची पाठ साधी, मातकट रंगाची असते, चांदण्या नसतात. विकणारा काहीही नाव सांगेल, तुम्ही पाठ बघा.

आता मुख्य प्रश्न: पिल्लू निरोगी कसं वाढवायचं?

सगळ्यांना वाटतं, वाळवंटातलं कासव, मग कोरडं ठेवा. इथेच घोळ होतो. जंगलात ही कासवं दिवसातला बराच वेळ बिळात असतात, आणि बिळातली हवा दमट असते. २००३ साली व्हिएन्नाच्या वीस्नर आणि इबेन या संशोधकांनी सुलकाटाची पन्नास पिल्लं वेगवेगळ्या दमटपणात वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे जास्त आले, दमट हवेतल्यांची पाठ गुळगुळीत राहिली. खाण्यातल्या प्रथिनांचा फरक त्यामानाने किरकोळ होता. तेव्हा पाठीवर छोटे छोटे डोंगर दिसले, तर ती 'डिझाइन' नाही. वाढ बिघडल्याची ती खूण आहे.

मग तुम्ही म्हणाल, लोणावळ्यात राहतोस, दमटपणाची काय कमी? पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीसुद्धा घाम फोडतात! पण इथला दमटपणा गार असतो. गार आणि ओलं म्हणजे पिल्लाच्या फुप्फुसांना संसर्ग. त्याला हवं गरम आणि ओलं. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं, हवा गार आणि कोरडी. हीटर लावला की आणखी कोरडी.

माझा उपाय: चार फूट बाय दोन फुटांची, वरून बंद होणारी पेटी. तळाला ओलसर कोकोपीट. एका टोकाला दिव्याखाली ३६-३७ अंश, बाकी पेटीत २७ च्या आसपास, रात्रीही २६ च्या खाली नाही. दमटपणा ८० टक्के. सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर आहे, आणि एक छोटा सेन्सर फोनवर आकडे पाठवतो. सेन्सर झाकणाला चिकटवू नका, पिल्लाच्या उंचीवर ठेवा. वरची हवा नेहमी जास्त गरम दाखवते. आणि आमच्याकडे पावसात वीज जाते, ती येईपर्यंतची सोय आधीच करून ठेवा.

ऊन. जून ते सप्टेंबर आमच्याकडे सूर्य दिसतो कुठे? म्हणून यूव्हीबी ट्यूब लागते. त्याशिवाय ड जीवनसत्त्व नाही, आणि त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. बाहेर ऊन असेल तेव्हा सावलीची जागा ठेवून तासभर बाहेर काढा. पण लक्ष हवं, कावळा आणि मुंगूस टपलेले असतात.

रोज वीस-पंचवीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली. खायला हरळी, जास्वंदाची आणि तुतीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग. फळं, पोळी, भात, दूध नाही. पालक रोज नाही. मावळात गुलाबाची पॉलीहाऊस भरपूर आहेत, पण तिथली पानं आणू नका, फवारणी झालेली असते. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, शीटमध्ये नोंद. आलेख हळूहळू वर जायला हवा. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.

आता ते सुरुवातीचे आकडे. आई एकदा सहज म्हणाली, "अरे, तू म्हातारा होशील तेव्हा हे ऐन उमेदीत असेल. मग बघणार कोण?" मी अठ्ठावीस वर्षांचा. हिशोब सरळ आहे, हे माझ्या मागे राहू शकतं. पन्नास किलोचं, जमीन उकरून बिळं करणारं जनावर फ्लॅटमध्ये मावत नाही. मावळात आमची थोडी जमीन आहे, आणि माझ्या धाकट्या बहिणीने जबाबदारी घ्यायची तयारी दाखवली आहे. ते आम्ही कागदावर लिहून ठेवलंय.

तुमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर घेऊ नका. खरंच सांगतो. आणि ज्यांच्याकडे आधीच आहे पण झेपत नाही, त्यांनी पवनेकाठी किंवा रानात सोडून देऊ नका. गार पावसात ते मरेल, आणि जगलं तर इथल्या प्राण्यांना आजार देईल. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

पिल्लाचं नाव विचारणाऱ्यांसाठी: धोंडू. आजचं वजन ४१२ ग्रॅम. प्रश्न पाठवत राहा, पुढच्या भागात भेटू!