मैदान सर्वांचे, कार्यकारिणी कोणाची?

(अंधेरी येथे क्रीडामंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाच्या मैदानावर जात नसते, धर्म नसतो, गरीब-श्रीमंत हा भेद नसतो, हे वाक्य आपल्या उपनगरातील प्रत्येक बक्षीससमारंभात प्रमुख पाहुणे उच्चारतात आणि आपण टाळ्या वाजवतो. वाक्य सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. चेंडू टाकणाऱ्याची जात चेंडूला कळत नाही, एवढे खरेच आहे. परंतु मैदान कोणाला मिळावयाचे, कोणत्या वेळी, किती वर्गणीला, संघ कोणी निवडावयाचा, आणि सामना संपल्यावर चहाला कोणी कोणाच्या शेजारी बसावयाचे, हे सारे निर्णय मैदानाबाहेर, एका खोलीत, पाच-सात खुर्च्यांवर होत असतात. त्या खोलीविषयी मला आज बोलावयाचे आहे.

बाळू पालवणकर हे नाव आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक असेल. तरुणांना ते ठाऊक नसावे, याचे मला वाईट वाटते. चांभार समाजात जन्मलेला हा मुलगा पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडीत असे, रोलर ओढीत असे. गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाज हवा होता, म्हणून त्याच्या हाती चेंडू आला. तासन् तास त्याने गोलंदाजी केली. फलंदाजी मात्र त्याला करू देत नसत, कारण बॅट ही साहेबाची. पुढे पुण्यातील हिंदू संघाला युरोपियनांना हरवावयाचे होते, तेव्हा सवर्ण मंडळींनी या डावखुऱ्या गोलंदाजाला संघात घेतले. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सगळ्यांनी हाताळला. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पानही निराळे मांडले जाई.

हा इतिहास रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या ग्रंथामुळे पुन्हा लोकांपुढे आला. तो वाचताना बहुतेकांचे लक्ष त्या मातीच्या भांड्यापाशी थांबते, आणि ते साहजिक आहे. मला त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. बाळू मुंबईस आला, हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात त्याचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तोपर्यंत जेवणाची पंगत एक झाली होती. म्हणजे भांडे फुटले होते! पण कर्णधारपद? ते वर्षानुवर्षे कोणा सवर्णाकडेच जात राहिले. १९२० मध्ये बाळूचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाच्या निषेधार्थ खेळण्यास नकार दिला, तेव्हा कोठे बाळूला उपकर्णधार करण्यात आले. विठ्ठल कर्णधार झाला तो १९२३ मध्ये. गांधीजींची अस्पृश्यतानिवारणाची चळवळ त्या वेळी देशभर पसरत होती, तिचा दाब निवडसमितीवर नव्हता असे कोण म्हणेल?

(जाता जाता सांगतो, हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या वतीने डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि पराभूत झाला. इतिहास आपल्या सोयीसाठी सरळ रेषेत चालत नाही.)

या क्रमाकडे नीट पाहावे. आधी श्रम घेतले, मग कौशल्य घेतले, त्यानंतर पंगत दिली, आणि सर्वांत शेवटी, तेही भांडून, अधिकार दिला. गुणवत्तेचा पुरावा तर पहिल्या दिवसापासून धावफलकावर लिहिलेला होता. तेव्हा "लायक माणूस आला की आम्ही आपोआप जागा देतो" असे जे आपल्या मंडळांतून सांगितले जाते, ते तपासून घेतले पाहिजे.

आता जमिनीचा प्रश्न. अर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे खेळाकडे पाहतानाही माझी नजर प्रथम जमिनीकडे जाते. मुंबईतील क्रिकेटचा पहिला मोठा लढा धावांसाठी झालाच नाही, तो जमिनीसाठी झाला. १८८१ मध्ये शेकडो पारशी खेळाडूंनी गव्हर्नरकडे अर्ज केला की, फोर्टबाहेरच्या सार्वजनिक मैदानावर मूठभर युरोपियन पोलो खेळतात, त्यांच्या घोड्यांच्या टापांनी आमची खेळपट्टी उखडली जाते. वाद काही वर्षे चालला. पुढे सरकारने तोड काढली ती अशी की, पारशांना वेगळा, मुसलमानांना वेगळा, हिंदूंना वेगळा, असे समुद्रालगतचे भूखंड जिमखान्यांसाठी द्यावेत. सार्वजनिक जागा सर्वांना खुली करण्याऐवजी तिचे धर्मवार वाटे घातले गेले. त्यावर धर्मवार संघांची स्पर्धा उभी राहिली. १९१२ मध्ये ती चौरंगी झाली, १९३७ मध्ये पंचरंगी. त्या पाचव्या संघाचे नाव काय होते? 'बाकीचे'! विजय हजारे यांच्यासारखा महान फलंदाज ख्रिस्ती म्हणून 'बाकीच्यां'त खेळला. १९४० मध्ये गांधीजींनी या स्पर्धेविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ पर्यंत ती संपुष्टात आली. भूखंड मात्र राहिले.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेम्स ब्यूकॅनन यांनी १९६५ मध्ये क्लबांचा एक सिद्धान्त मांडला. पुढे १९८६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्धान्त सुबक आहे. पोहण्याचा तलाव घ्या. एकट्याने बांधावयाचा तर खर्च फार. सर्वांना खुला ठेवला तर गर्दी फार. म्हणून काही जणांनी मिळून खर्च वाटून घ्यावा, कुंपण घालावे, आणि आणखी एक सभासद घेतल्याने होणारी गर्दी व कमी होणारा खर्च यांचा मेळ जेथे बसेल तेथे दार बंद करावे. मी हे वर्गात अनेक वर्षे शिकवले, आणि एक हुशार विद्यार्थी दरवर्षी एकच प्रश्न विचारीत असे: सर, तलावाखालची जमीन कोणाची? सिद्धान्तात त्याचे उत्तर नाही. सभासदांनी सर्व खर्च स्वतः केला, असे तेथे गृहीत धरलेले असते. मुंबईत ते गृहीतक टिकत नाही. या शहरात माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरांच्याही आत भरते. येथे नाममात्र भाड्याने किंवा देखभालीच्या नावाखाली मिळालेला सार्वजनिक भूखंड ही संपूर्ण शहराने त्या क्लबाला दिलेली वर्गणी होय. अंधेरीच्या झोपडपट्टीतील स्त्री, जी त्या फाटकातून आयुष्यात आत जाणार नाही, तीही त्या वर्गणीत सहभागी आहे. महापालिकेची मैदाने खाजगी संस्थांकडे सांभाळावयास देण्याचे धोरण जानेवारी २०१६ मध्ये सभागृहाने मंजूर केले, तेव्हा शहरात जो गदारोळ झाला आणि मुख्यमंत्र्यांना त्यास स्थगिती द्यावी लागली, त्याचे मूळ येथे आहे. सांभाळावयास घेतलेल्या काही भूखंडांवर क्लबाच्या इमारती उठल्या, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते.

मला ठाऊक आहे की आपली मंडळे त्या तोलाची नाहीत. आपल्याकडे कबड्डीचे एखादे मैदान, खो-खोचे खांब, व्यायामशाळेची पत्र्याची खोली, फार तर संध्याकाळी मिळणारे शाळेचे पटांगण. पण कुंपण लहान असले तरी त्याचे नियम तेच असतात. प्रवेशअर्जावर दोन विद्यमान सभासदांची सूचक-अनुमोदक म्हणून सही लागते. साधे कलम आहे, पण त्याचा परिणाम पाहा: वेसाव्याच्या कोळीवाड्यातील मुलगा कोळी सभासदाशिवाय, मरोळच्या वस्तीतील मुसलमान मुलगा मुसलमान सभासदाशिवाय आत येणार कसा? कोणीही कोणाला नाकारलेले नसते. तरीही वीस वर्षांनी सभासदांची यादी वाचली तर ती दोन-तीन इमारतींच्या पाट्यांसारखी दिसते.

स्त्रियांच्या बाबतीत तर आपण अजून बाळूच्या कथेतील मधल्या पायरीवर आहोत. १९८६ मध्ये आपल्या मुंबईची डायना एडलजी भारतीय संघासह इंग्लंडला गेली असता लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये तिला प्रवेश नाकारण्यात आला. त्या क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा निर्णय घेतला तो १९९८ मध्ये. इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. आपल्या क्रिकेट मंडळाने २०२२ मध्ये स्त्री-पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले, हे उत्तम झाले. पण त्याच काळात वार्षिक करारातील सर्वोच्च श्रेणी पुरुषांसाठी ७ कोटींची आणि स्त्रियांसाठी ५० लाखांची होती. कबड्डीत पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा २०१४ पासून बहरली. स्त्रियांसाठी २०१६ मध्ये तीन संघांचा एक प्रयोग झाला आणि तेथेच थांबला. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा अंधेरीच्या गल्लीगल्लीत फटाके वाजले. २०२२ च्या आरंभी तर आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचे सामने आपल्याच क्रीडासंकुलातील मैदानावर झाले. त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलीला संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात खेळावयास जागा कोठे मिळते, हे मी आपल्याला विचारतो. "मुलीच येत नाहीत" असे उत्तर मला नेहमी मिळते. कपडे बदलण्यास खोली नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, प्रशिक्षक सगळे पुरुष, आणि मुलींसाठी वेळ दुपारी तीनची, जेव्हा ती शाळेत असते किंवा घरी धाकट्या भावंडाला सांभाळत असते. तिच्या न येण्याला तिची आवड म्हणणे हे वाईट अर्थशास्त्र आहे.

अपंगांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे वादाला जागाच नाही. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. देशाने पद्मश्री दिली २०१८ मध्ये. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातील तिसावे कलम खेळातील सहभागाविषयीच आहे. आपल्या मंडळाच्या दारातील तीन पायऱ्यांशेजारी एक उतार बांधावयास गवंड्याचे दोन दिवस पुरतात.

आता पैशाचा प्रश्न, कारण सभेत खजिनदार उठून तोच विचारणार. समजा, मंडळाचे २०० सभासद आहेत आणि वस्तीतील ५० मुलामुलींना वर्गणी न घेता सामावून घ्यावयाचे आहे. मैदान तेच, दिवे तेच, प्रशिक्षक तोच. वाढीव खर्च तो चेंडूंचा, बुटांचा, थोड्या अल्पोपाहाराचा. मुलामागे वर्षाला १२०० रुपये धरले तर ६०,००० रुपये झाले. २०० सभासदांत वाटले तर माणशी वर्षाला ३००, म्हणजे महिना २५ रुपये. बुटांना अधिक लागतील असे वाटत असेल तर दुप्पट धरा, महिना ५० होतील. पैशासाठी दार बंद आहे असे कृपया कोणी म्हणू नये.

येथे एक सावधगिरी हवी. हिशेबी माणूस लगेच सुचवील की, सकाळी दहा ते चार मैदान रिकामेच असते, ती वेळ वस्तीतील मुलांना द्यावी, म्हणजे कोणालाच गैरसोय नाही. हिशेबाने हे बरोबर आहे. पण एप्रिलच्या उन्हात बारा वाजता दिलेले मैदान हे मंडपाबाहेरचे मातीचे भांडेच होय. संध्याकाळची वेळ वाटून घेतली पाहिजे, आणि एकाच संघात, मिश्र. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर १९४१ पासून मुलेमुली एकत्र खेळत आली. साऱ्या जातींची, साऱ्या धर्मांची. तेव्हाही पालक कुरकुरत होते.

आणि शेवटी त्या खोलीत आपण आलोच. वस्तीतील मुले आली, मुली आल्या, उतार बांधला, तरी कार्यकारिणी तीच राहिली तर पुढील वर्षी नवा सचिव वेळापत्रक बदलून टाकील आणि कोणाला कळणारही नाही. म्हणून अकरा जागांपैकी किमान चार स्त्रियांसाठी, आणि किमान दोन वस्तीतील सवलतीच्या सभासदांच्या पालकांसाठी राखाव्यात, त्यांना मताचा पूर्ण अधिकार असावा. डॉ. लोहिया ज्याला विशेष संधी म्हणत, ती याहून निराळी नाही. त्या पालकांना हिशेब कळत नाहीत असा आक्षेप येईल. महिना पंधरा हजारांत पाच माणसांचे घर चालवणाऱ्या बाईला हिशेब कळत नाहीत, असे म्हणणाऱ्याने एक महिना ते घर चालवून दाखवावे. संघनिवड दोघांच्या मर्जीवर न ठेवता निवडचाचणीचे गुण फलकावर लावावेत. सूचक-अनुमोदकाचे कलम काढून टाकावे. त्याऐवजी राहण्याचा पुरावा आणि पालकांची सही पुरे.

यासाठी मंडळाची घटना बदलावी लागेल, भाषणाने ते होणार नाही. घटनादुरुस्ती सर्वसाधारण सभेत व्हावी लागते, आणि ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवावी लागते. आपल्या घटनेत सभेपूर्वी किती दिवसांची सूचना सांगितली आहे आणि किती बहुमत लागते, ते आज घरी गेल्यावर पाहा. सूचना फक्त फलकावर लावू नका, वस्तीत घरोघर पोहोचवा, मराठीत आणि हिंदीत. तीत मूळ कलम आणि सुचवलेले कलम शेजारीशेजारी छापा, म्हणजे सभेत कोणालाही "हे आम्हाला आधी माहीत नव्हते" असे म्हणता येणार नाही.