रेघ ओढणारे यंत्र

मी शासकीय सेवेत नुकताच रुजू झालो होतो तेव्हाची गोष्ट. एका जिल्ह्याच्या ठिकाणी नगररचनेच्या कामाशी संबंध असलेल्या एका कचेरीत माझी नेमणूक झाली. तेथील आरेखन-शाखेत सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले एक अनुरेखक होते. मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरून त्यावरची प्रत्येक रेघ शाईने गिरवून काढणे हे अनुरेखकाचे काम. कचेरीत लहानथोर सगळेच त्यांना नाना म्हणत. मीही म्हणू लागलो. नानांची रेघ पाहण्यासारखी असे. गुण्या न लावता ओढलेली त्यांची सरळ रेघ पट्टी लावून तपासावी, तर आपणच ओशाळे व्हावे!

त्याच खोलीच्या कोपऱ्यात, मेणकापडाखाली झाकलेले, पुरुषभर लांबीचे एक यंत्र होते. तो होता प्लॉटर. म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार कागदावर लेखणी फिरवून नकाशा काढणारे यंत्र. तो आला तेव्हा नानांच्या हातचे निम्मे काम त्याने घेतले होते. पुढे शाईचे तुषार उडवून नकाशे छापणारी यंत्रे आली आणि प्लॉटरचेही काम गेले. माझ्यासमोर त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव आला. निर्लेखन म्हणजे जडवस्तूंच्या नोंदवहीतून नाव कमी करून ती वस्तू मोडीत काढणे. मी यंत्र एकदा चालवून पाहावे असे म्हटले. नानांनी त्यात एक लेखणी बसवली, कागद चढवला. यंत्र घुर्र घुर्र करीत एका जुन्या वस्तीचा आराखडा काढू लागले. नाना बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, रेघ याची माझ्यापेक्षा चांगली. पण कुठं थांबायचं, ते याला कुणीतरी सांगावं लागतं."

काम गेलेल्या एका कारागिराने स्वतःचे केलेले समाधान, एवढाच अर्थ मी त्या वेळी या उद्गाराचा घेतला. पुढे चित्रकलेविषयी थोडेफार वाचू लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की, जगातले काही चित्रकार आणि गणिती साठ वर्षे ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत, तोच प्रश्न नानांनी एका वाक्यात मांडला होता. नकाशासाठी जन्मलेल्या या यंत्राला चित्रकलेत जे दुसरे आयुष्य लाभले, त्याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

प्रथम हे यंत्र छपाईच्या यंत्राहून वेगळे कसे, ते पाहू. आपल्या घरचा किंवा कचेरीतला छपाईयंत्र चित्राला चित्र म्हणून ओळखतच नाही. त्याच्या लेखी चित्र म्हणजे असंख्य ठिपके. ते तो ओळीमागून ओळ टाकीत जातो. प्लॉटरचे तसे नाही. तो खरोखरच रेघ ओढतो. लेखणी उचल, अमुक ठिकाणी जा, लेखणी टेकव, तमुक ठिकाणापर्यंत ने: एवढीच त्याची भाषा. ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीच्या प्लॉटरांसाठी रचलेली आणि पुढे सर्वत्र पसरलेली जी आज्ञावली आहे, तिचे सारही हेच. आणि तिच्यातले सर्वांत लहान पाऊल मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे आहे. काही प्लॉटरांत कागद पाटावर पसरलेला असतो आणि लेखणीच उभी-आडवी हिंडते. काहींत कागद मागेपुढे सरकतो आणि लेखणी फक्त डावी-उजवीकडे जाते. दोन्हींत गोष्ट एकच. टोकाची शाई कागदावर झिरपते, रेघेला सुरुवात असते आणि शेवटही असतो. चित्र तयार होताना आपल्याला ते वाढताना दिसते. छापील चित्राच्या बाबतीत हे सुख नाही.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील कॅलकॉम्प या कंपनीने १९५९ साली दंडगोलावर कागद फिरवणारा आपला प्लॉटर बाजारात आणला. त्याचे एकेक पाऊल इंचाच्या शंभराव्या भागाचे होते. जर्मनीत संगणकाचे एक आद्य निर्माते कोन्राड त्सूझे यांनी सपाट पाटाचा 'ग्राफोमाट' तयार केला. जमिनीचे नकाशे, यंत्रांचे आराखडे, हवामानाचे तक्ते, अशा गद्य कामांसाठी ही यंत्रे होती. परंतु कोणतेही साधन माणसाच्या हाती आले की, तो त्याचा एक उपयोग ठरल्याप्रमाणे करतो आणि दुसरा गंमत म्हणून. ही गंमत पहिल्यांदा लोकांसमोर आली ती फेब्रुवारी १९६५ मध्ये, स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठात. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक माक्स बेन्झे यांच्या पुढाकाराने गेओर्ग नेस या गणितज्ञाची ग्राफोमाटने काढलेली चित्रे तेथे मांडली गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच शहरात नेस आणि फ्रीडर नाके या तरुण गणितज्ञाची चित्रे एकत्र लागली.

फेब्रुवारीतल्या त्या प्रदर्शनाला आलेले चित्रकार मात्र संतापले. त्यांचा संताप मला समजू शकतो. नानांच्या खोलीत मी त्याचेच सौम्य रूप पाहिले होते. त्या प्रसंगाची एक हकीगत सांगितली जाते. एका चित्रकाराने नेस यांना विचारले की, तुमचे यंत्र माझ्यासारखे चित्र काढू शकेल काय? नेस यांनी उत्तर दिले की, अवश्य काढील. मात्र आपण कसे काढता, ते आपण मला आधी सांगितले पाहिजे. हे उत्तर उद्धट वाटते, पण त्यात मोठा विचार आहे. आपण जे करतो ते कसे करतो, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा, तबलजीला विचारा, नानांना विचारा. हाताला जे ठाऊक असते ते तोंडाला सांगता येत नाही. प्लॉटरचा चित्रकार आपला हात बाजूला ठेवतो आणि जे सांगता येणार नाही असे वाटत होते, त्यातले जेवढे सांगता येईल तेवढे नियमांच्या रूपाने सांगू पाहतो. त्याची साधना ती हीच.

नेस यांचे एक चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याचे नाव 'खडी'. रस्त्यावर टाकतात ती खडी. एका ओळीत बारा चौकोन आणि अशा बावीस ओळी. वरच्या ओळींतले चौकोन शाळेतल्या कवायतीसारखे शिस्तीत उभे आहेत. जसजसे खाली यावे तसतसे ते कलू लागतात, जागा सोडतात, एकमेकांवर चढतात आणि तळाशी तर कोसळलेल्या भिंतीसारखे पसरतात. प्रत्येक चौकोन किती कलावा, हे नेस यांनी ठरवले नव्हते. त्यासाठी त्यांनी संगणकाकडून जणू फासे टाकून घेतले. परंतु वर फाशांना किती वाव द्यावा आणि खाली किती, हे मात्र त्यांचेच. दैवाला त्यांनी घरात घेतले, पण किल्ली आपल्यापाशी ठेवली.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. ठिपक्यांची रांगोळी आठवून पाहा. अकरा ठिपक्यांच्या अकरा ओळी, मग अमुक ठिपक्यापासून तमुक ठिपक्यापर्यंत रेघ. हा नियमच नव्हे काय? तो आईकडून मुलीकडे शब्दांनीच जातो. दक्षिणेकडील कोलम रांगोळीतले हे व्याकरण मद्रासच्या गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या अभ्यासकांनी १९७४ साली संगणकशास्त्राच्या परिभाषेत मांडून दाखवले. नियम पाळून काढलेली रांगोळी यांत्रिक असते, असे आपण कधी म्हणत नाही. मात्र तीच रांगोळी दोन अंगणांत दोन प्रकारची का दिसते, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे सर्वांत हृद्य उत्तर मला सापडले ते व्हेरा मोल्नार या चित्रकर्त्रीच्या कामात. त्यांचा जन्म १९२४ साली बुडापेस्ट येथे झाला. १९४७ मध्ये त्या पॅरिसला आल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये, शंभरी गाठायला महिनाभर उरला असताना, तेथेच निवर्तल्या. संगणक हाती येण्याच्या कितीतरी आधी, १९५९ पासून त्या एका 'काल्पनिक यंत्रा'च्या साहाय्याने चित्रे काढीत असत; म्हणजे स्वतःला नियम घालून द्यायचे आणि यंत्राच्या निष्ठेने ते हातानेच पाळायचे. १९६८ मध्ये त्यांना खरा संगणक वापरायला मिळाला. शिस्तीत एखादाच टक्का बेशिस्त मिसळावी, हा त्यांचा आवडता छंद. पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या 'आईची पत्रे' या १९८० च्या दशकातील मालिकेविषयी. त्यांची आई त्यांना नेमाने पत्रे लिहीत असे. अक्षर वळणदार, पण प्रत्येक ओळ आरंभी नेटकी असे आणि शेवटाकडे जाता जाता अस्वस्थ होत जाई. मोल्नार यांनी त्या ओळींची चाल संगणकाला शिकवली आणि प्लॉटरच्या लेखणीने ती कागदावर उमटवली. त्या ओळींत एकही शब्द नाही. तरीही त्या पाहताना पत्र वाचल्यासारखे वाटते. ज्या यंत्राच्या ठायी थरथर नाही, त्याच्याकडून आईच्या हाताची थरथर काढून घेतली! यंत्राने हात हिरावून घेतला, ही तक्रार या पत्रांपुढे फारशी टिकत नाही.

आता थोडे मोठ्या आकाराच्या चित्रांविषयी. नकाशांसाठी जो सर्वांत मोठा प्रचलित कागद, तो ८४१ मिलिमीटर रुंद आणि ११८९ मिलिमीटर लांब. म्हणजे सुमारे एक चौरस मीटर. समजा, या कागदावर अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर आडव्या रेघा ओढायच्या आहेत. अशा सुमारे २२०० रेघा होतील. प्रत्येकीची लांबी ८०० मिलिमीटर धरली, तर एकूण रेघ पावणेदोन किलोमीटर भरेल. लेखणी सेकंदाला दहा सेंटिमीटर चालली, तर तिला जवळजवळ पाच तास लागतील. या पाच तासांत शाई आटू शकते, टोक झिजू शकते. पावसाळी हवेत कागद ओलावा धरून फुगतो आणि सकाळची रेघ दुपारच्या रेघेशी जुळत नाही. एकाच जागी ओल्या शाईवरून लेखणी पुन्हा पुन्हा गेली, तर कागदाचे पापुद्रे निघतात. म्हणून कोणती रेघ आधी आणि कोणती मागाहून, याचाही विचार करावा लागतो. लहान कागद बिघडला तर दुसरा घेता येतो. चौथ्या तासाला बिघडलेला मोठा कागद मात्र माणसाची कसोटी पाहतो. म्हणूनच अशा चित्राची आज्ञावली एकच असली, तरी त्याच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत.

आणि चित्रकारांनी या अडचणींनाच जवळ केले. अमेरिकेचे रोमन व्हेरोस्टको यांनी १९८७ च्या सुमारास प्लॉटरच्या हातात लेखणीऐवजी चिनी कुंचला दिला. कुंचला कधी भरून वाहतो, कधी कोरडा पडतो, आणि यंत्राच्या फटकाऱ्याला एकाएकी अंग येते. पॅरिसमध्ये मान्फ्रेड मोर यांनी तेथील हवामान-संस्थेच्या प्लॉटरवर काम केले आणि १९७१ साली ती चित्रे शहराच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मांडली. सरकारी यंत्राचा इतका चांगला गैरवापर क्वचितच झाला असेल. याउलट नाके यांनी त्याच १९७१ मध्ये संगणक-कला असू नये, अशा आशयाचा लेख लिहिला. स्वतःच्या कामाविषयी इतकी शंका घेणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

१९९० च्या दशकात तुषारछपाईच्या मोठ्या यंत्रांनी प्लॉटरला कचेऱ्यांतून हुसकावले. तेथे त्याची कथा संपावयास हवी होती. पण टाकून दिलेली यंत्रे काही चित्रकारांनी उचलून नेली, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तर लहान मोटारी, दातेरी पट्टे व ॲल्युमिनियमचे रूळ सहज मिळू लागल्यामुळे अनेक जण आपला प्लॉटर आपणच जुळवू लागले आहेत. भिंतीच्या दोन कोपऱ्यांना दोन मोटारी लावून पट्ट्यांनी लोंबणारी लेखणी फिरवली, तर अख्खी भिंतच कागद होते.

असा एक घरगुती प्लॉटर मी काही वर्षांपूर्वी, दिल्लीत असताना, एका तरुण चित्रकाराच्या खोलीत पाहिला. जमिनीवर मोठा कागद पसरला होता आणि निळ्या शाईची लेखणी त्यावर तिरप्या रेघांचे दाट रान उगवीत होती. काम तीन तासांचे उरले आहे, असे तो म्हणाला. आम्ही चहा घेत बसलो. मध्येच उजव्या बाजूला शाई विरळ होऊ लागली. दुसरी लेखणी त्याच्या हाताशी होती. तो उठला, कागदाभोवती एक फेरी मारली, थोडा वेळ उभा राहिला आणि त्याने यंत्र बंद केले. "इथंच थांबवतो," तो म्हणाला. मी कागदाकडे पाहिले. निळे रान उजवीकडे विरत विरत पांढऱ्यात मिसळले होते. त्याचे बरोबर होते.

मला नाना आठवले. ते आता हयात नाहीत. असते, तर त्यांना या खोलीत आणून बसवले असते. आणि त्याबरोबरच आठवली ती जडवस्तूंच्या नोंदवहीतली एक ओळ. त्या दिवशी आमच्यासमोर व्यवस्थित चाललेल्या त्या प्लॉटरच्या नावापुढे शेरा लिहिला होता, 'वापरास अयोग्य'. त्याखालची सही माझी होती.