दवाखान्यांतील पुस्तक

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या लहान मुलाला वेळ किती लांब वाटतो, हें मोठ्या माणसांस सहसा आठवत नाहीं. औषधांचा उग्र वास, आंतून ऐकूं येणारें दुसऱ्या मुलाचें रडणें आणि सुईची धास्ती यांनीं तें आधींच भेदरलेलें असतें. हाच वेळ वाचनाची गोडी लावण्याच्या कामीं येऊं शकतो, हें अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या एका इस्पितळानें दाखवून दिलें.

बोस्टन सिटी हॉस्पिटल हें मुख्यतः गोरगरिबांचें इस्पितळ होतें. तेथें १९८९ सालीं डॉ. बॅरी झुकरमन, डॉ. रॉबर्ट नीडलमन व त्यांचे सहकारी यांनीं 'रीच आउट अँड रीड' हा उपक्रम आरंभिला. बाहेरच्या खोलींत चित्रांचीं पुस्तकें ठेवलीं गेलीं व स्वयंसेवक तीं मुलांना वाचून दाखवूं लागले. परंतु पुस्तकें हळूहळू नाहींशीं होऊं लागलीं. मुलांबरोबर तीं घरीं जात होतीं. एखाद्या व्यवस्थापकानें अशा वेळीं कपाटाला कुलूप घातलें असतें. डॉक्टरांनीं मात्र त्यांतून एवढेंच ओळखलें कीं, ज्या घरांत पुस्तक नाहीं तेथेंही त्याची भूक आहे. मग सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाला तपासणीच्या वेळीं डॉक्टरांनींच एक नवें पुस्तक द्यावें आणि तें कसें वाचून दाखवावें हें आईबापांस समजावून सांगावें, असा परिपाठ पडला.

हें काम शाळेचें नव्हे काय, असें कोणी विचारील. परंतु शाळेची पायरी मूल चढतें तोंपर्यंत भाषा शिकण्याचीं पहिलीं मोलाचीं वर्षें निघून गेलेलीं असतात. लस टोचून घेण्यासाठीं मात्र तें जन्मापासूनच दवाखान्यांत येतें. शिवाय पुस्तकाचा डॉक्टरांसही उपयोग होतो. सहा महिन्यांचें मूल पुस्तक तोंडांत घालतें, वर्षादीडवर्षाचें चित्रावर बोट ठेवतें, तीन वर्षांचें ऐकलेली गोष्ट बोबड्या बोलांत सांगूं लागतें; त्यावरून त्याची वाढ कशी होत आहे याचा अंदाज येतो. जन्मापासूनच मुलाला मोठ्यानें वाचून दाखवावें, अशी शिफारस अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१४ सालीं केली.

आपल्याकडे यासाठीं मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दवाखान्यांत मासिकांच्या जुन्या अंकांशेजारीं जाड पानांचीं, पुसून घेतां येतील अशीं चार मराठी चित्रपुस्तकें ठेवावीं. नसल्यास आईनें पिशवींत औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक पुस्तक घ्यावें. मात्र तें मुलाच्या हातीं देऊन स्वस्थ बसूं नये. त्याला मांडीवर घेऊन हलक्या आवाजांत वाचावें. नांव पुकारलें जाईपर्यंत दोन पानें झालीं तरी पुष्कळ. उरलेली गोष्ट घरीं पुरी करण्याचें वचन द्यावें व तें पाळावें. आणि दवाखान्यांतील एखादें पुस्तक मुलाबरोबर घरीं गेलें, तर डॉक्टरांनीं त्याची फार चौकशी करूं नये. त्या जागीं दुसरें ठेवावें.