गौरीच्या मुखवट्याचा रंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण विषय हाताने केलेल्या कामाचा आहे, म्हणून उभी राहिले.

आमच्या घरी गौरींचे दोन मुखवटे आहेत, सासूबाईंच्या सासूबाईंनी आणलेले. धाकटीच्या गालांचा रंग जागोजागी उडाला होता. माझा भाचा पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. तिथे मूर्तीच्या अंगाचा रंग फवाऱ्याने देतात, डोळ्यांची आखणी मात्र कुंचल्याने होते. त्याने मला एक लहान एअरब्रश दिला व शिकवला. ह्यांनी बारामतीहून कॉम्प्रेसर आणून दिला.

त्यात मी ॲक्रिलिक रंग वापरते. हा रंग पाण्यात कालवतात, पण एकदा वाळला की पाण्याने निघत नाही. त्यात प्लॅस्टिकचे अतिशय बारीक कण असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा बनतो. एवढे लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप उमगते.

रंग दुधाइतका पातळ करावा व मलमलीतून गाळावा. हवेचा दाब २० ते २५ पौंड पुरतो. खटका खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग येतो. हात सारखा फिरता ठेवावा. एक जाड हात देण्यापेक्षा चार पातळ हात द्यावे, व प्रत्येक हात वाळू द्यावा. खोलीचे दार उघडे ठेवावे, नाकाला मास्क लावावा.

पहिल्या वेळी मी गाळण्याचा आळस केला. टोकाशी रंग अडकला आणि एकदम धाकटीच्या कपाळावर थेंब उडाले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. माझे हातपाय गळाले. त्या एवढेच म्हणाल्या, "रडतेस काय? ओला आहे तोवर टिपून घे." ओल्या फडक्याने टिपले, सारे निघाले. थोडा उशीर झाला असता, तर पिढ्यांचा मुखवटा माझ्या हातून बिघडला असता. म्हणून सांगते, काम संपताच एअरब्रशमधून स्वच्छ पाणी फवारावे व सुई काढून पुसावी. चहा नंतर घ्यावा.

आणखी एक सांगणे. गौरीचे मुखवटे आपण जपून ठेवतो, त्यांना हा रंग चालतो. विसर्जनाच्या मूर्तीला तो देऊ नये. माती विरघळते, पापुद्रा विरघळत नाही. आपल्या इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. त्या पाण्यात तो जाऊ नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या नियमांतही मूर्तीसाठी माती व नैसर्गिक रंगच सुचवले आहेत.

धाकटीचे डोळे मी रंगवले नाहीत. कागद कापून झाकले व जुनेच ठेवले. गौरी बसल्या तेव्हा सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तीच आहे."

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी दुपारी घरी यावे. मुखवटा मात्र आणू नये. आधी जुन्या मडक्यावर हात बसवू.